काडीभर टायमिंग

रेघ अडीच मिलिमीटरने सरकली होती.

ममताने बॉनेटखाली डोकं आणखी आत घातलं आणि टॉर्च तिरपा धरला. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगी वाटणाऱ्या डब्याच्या, गळ्यापासून खाली इंजिनावरच्या त्याच्या बैठकीपर्यंत तिने दहा दिवसांपूर्वी नेलपॉलिशची एक बारीक उभी रेघ ओढून ठेवली होती. आता त्या रेघेचे दोन तुकडे झाले होते. खालचा जागच्या जागी, वरचा डावीकडे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणलेला व्हर्निअर तिने दोन्ही तुकड्यांवर धरला. दोन पूर्णांक पाच. हात काढला, पुन्हा धरला. दोन पूर्णांक पाच.

गळ्याचा घेर तिने आधीच मोजला होता, एकशे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. म्हणजे डिस्ट्रिब्युटर जवळपास पाच अंश फिरला होता. तो एकदा फिरतो तेव्हा इंजिनाचा दांडा दोनदा फिरतो, म्हणून ठिणगी दहा अंश उशिरा पडत होती आणि गाडीची ओढ मरत होती. शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत असं आपोआप होत नाही. कुणीतरी नट सैल केला होता, डिस्ट्रिब्युटर फिरवला होता आणि नट पुन्हा नीट आवळला होता. नटाच्या एका कडेवर पान्याची ताजी, चकचकीत खूण होती.

काम जाणणाऱ्याचा हात होता. घाईचा नव्हता.

तिने वहीत तारीख, वेळ आणि आकडा लिहिला, आणि त्यापुढे, कितीही नको म्हटलं तरी, एक नाव लिहिलं. राजकुमार. मग ते खोडलं. नाव म्हणजे निरीक्षण नव्हे, हे ती अकरावीच्या मुलांना दरवर्षी सांगत असे.

ही अँबॅसेडर एकोणीसशे चौऱ्याहत्तरची. ममताचे वडील पंजाबराव मुनेश्वर यांनी ती सव्वीस वर्षं यवतमाळ आणि राळेगावच्या मधे भाड्याने चालवली. बाळंतिणी नेल्या, नवऱ्या आणल्या, दर दसऱ्याला दीक्षाभूमीला जाणारी नऊ-नऊ माणसं कोंबून नागपूर गाठलं. पुढे भाडं बंद झालं तेव्हा ममताच्या भावाने, इंद्रजितने, इंजिनिअरिंगच्या सुट्ट्यांमध्ये तिच्यावर हात साफ केला. त्याला रॅलीत उतरायचं होतं. एका कार्बोरेटरचे दोन झाले, आणि आत एक वेगळा कॅम बसला, झडपा जास्त वेळ उघड्या ठेवणारा. रॅली कधी झाली नाही. इंद्रजित पुण्याला नोकरीला गेला आणि गाडीच्या पोटात रेसच्या गाडीचा स्वभाव ठेवून गेला. साठाच्या पुढे ती विमानासारखी जायची. वीस-तीसला मात्र तिच्यात जीव नसायचा. इंजिन हळू फिरत असताना झडपा इतका वेळ उघड्या राहिल्या की आत ओढलेलं मिश्रण पुन्हा मागे सांडतं आणि ओढ मरते. पंजाबराव म्हणत, "वर विमान, खाली बैलबंडी."

बैलबंडी त्यांना जमायची. त्यांच्या पायाला तिची सवय होती.

तोच तर प्रश्न होता. फेब्रुवारीत त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा भाजला. अंगणात शेकोटीचा निखारा पडला होता, त्यावर त्यांनी पाय ठेवला आणि ठेवूनच बसले. कौसल्याबाईंना, ममताच्या आईला, वास आला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "थरथर जाणवते का?" पंजाबराव म्हणाले, "जाणवते न." फोर्क तेव्हा थांबलेला होता. ते ममताला दिसत होतं, डॉक्टरांनाही.

बाहेरच्या व्हरांड्यात डॉक्टर तिला एकटीला म्हणाले, "शुगरनं पावलांची जाणीव गेली आहे. ब्रेकवर पाय आहे की ॲक्सिलरेटरवर, हे यांना कळणार नाही. गाडी बंद करा. तुम्हीच सांगा, माझं ऐकणार नाहीत."

निर्णय तिने घरी येता येताच घेतला. सांगितला मात्र नाही. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याला सगळं लोहारा गाव आजही गाडीवरून ओळखतं, त्याला 'बंद' हा शब्द कसा म्हणायचा? तिने स्वतःशी एक अट घातली. आधी आपण ही गाडी नीट चालवायला शिकायचं. मग सांगायचं, बाबा, आता मी चालवते, तुम्ही बाजूला बसा. राळेगावला मैनाआत्याकडे दर रविवारी मी नेईन. असं म्हटलं की 'बंद' म्हणावं लागत नाही.

पण त्यांच्या कॉलनीतून हमरस्त्याला लागताना एक चढ होता, आणि वळणावर एमआयडीसीचे ट्रक मागे येऊन उभे राहायचे. ममताने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा गाडी चढावर गचके खाऊन बंद पडली. तिसऱ्या वेळी ती मागे घसरली आणि ट्रकच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबली. ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं होतं, "ओ मॅडम, गाडी चालवून राह्यल्या का झोपाळा?"

म्हणून ठरलं. खालची ओढ आधी सुधारायची. चढावर गाडी ओढली की बाबांना सांगायचं. तोवर त्यांना एवढंच म्हणायचं, "पिकअप गेलाय, काम चालू आहे, बाहेर काढू नका."

पंजाबराव "बरं" म्हणाले होते. एकही उलट प्रश्न न करता. तेव्हा तिला हायसं वाटलं होतं.

गाडीचं काम राजकुमार राठोडकडे होतं. लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी त्याचं पत्र्याचं गॅरेज. वय सत्तेचाळीस. त्याचे वडील पूनमसिंग तांड्यावरून त्याला पंजाबरावांकडे घेऊन आले तेव्हा तो अकराचा होता. पाना कसा धरायचा ते तो पंजाबरावांकडे शिकला आणि आजही त्यांना उस्तादच म्हणायचा. समोर आला की आधी वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावणार, मग बोलणार.

त्याने चार दिवस गाडी ठेवून घेतली. दोन्ही कार्बोरेटर एकमेकांशी जुळवले, झडपांच्या फटी थोड्या वाढवल्या, म्हणजे त्या कॅमचा हट्ट जरा कमी होतो, आणि शेवटी ठिणगी थोडी आधी आणली. ममता मोजत होती. वसाहतीच्या मागच्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये वीसवरून चाळीसवर जायला किती सेकंद लागतात, तीनदा जाताना, तीनदा येताना, आणि सरासरी. कामाआधी अकरा पूर्णांक चार. कामानंतर आठ पूर्णांक एक. त्या शुक्रवारी ती चढावरून दुसऱ्या गिअरमध्ये एकदाही न अडखळता वर आली. रविवारी बाबांना सांगायचं, तिने ठरवलं.

रविवारी सकाळी गाडी काढली तर चढावर बंद पडली. मोजलं. दहा पूर्णांक नऊ.

राजकुमारने पुन्हा पाहिलं, पुन्हा जुळवलं, पुन्हा आठवर आली. त्याच दिवशी तिने नेलपॉलिशची बाटली आणली. उभ्या आयुष्यात तिने घेतलेली ती पहिलीच. आठवड्यात गाडी पुन्हा अकरावर, आणि आज ही तुटलेली रेघ.

"आई, मी कॉलेजला गेल्यावर शेडमध्ये कोण येतं?"

कौसल्याबाई सुपात तूर पाखडत होत्या. सूप थांबलं नाही. "कोण येते? मांजर येते."

"मांजर पाना घेऊन येत नाही."

"राजकुमार आलता परवा. चाकाची हवा पाहाले."

"मला फोन न करता?"

"तुले कायले फोन? घरचाच हाय तो."

"आणि शेडची चावी कुणी दिली?"

आता सूप थांबलं. "तू ना ममे, पोलिसात जायाची ते मास्तरीण झाली. इथं का चोरी झाली हाय? गाडी जागेवर हाय न?"

गाडी जागेवर होती. पण पेट्रोल नव्हतं. गेजवर तिचा विश्वास नसल्यामुळे ती टाकीत बांबूची पट्टी बुडवून बघायची. पट्टीवरची ओल दोन बोटं खाली आली होती. किलोमीटरचे आकडे कित्येक वर्षांपासून अडकलेले, त्यामुळे गाडी किती फिरली ते कळायला मार्ग नव्हता. आणि चावी. मागच्या वर्षी राजकुमारने स्टार्टरचं कुलूप बदललं तेव्हा त्याबरोबर दोन चाव्या आल्या असणार. तिला एकच मिळाली होती.

तिने त्याला फोन लावला.

"राजूभाऊ, त्या कुलपाची दुसरी चावी कुठाय?"

पलीकडे लोखंडावर हातोडा पडत होता. तो थांबला. "दुसरी... असन ताई कुठंतरी. पाहाव लागन."

"परवा घरी आला होतात?"

"हो न. हवा पाहाले."

"चारही चाकांत हवा बरोबर अठ्ठावीस आहे. मी शनिवारीच भरली होती."

"मंग म्या तेच पाह्यलं. अठ्ठावीस." आणि मग घाईघाईने, "ताई, गिऱ्हाईक आलं, ठेवतो."

त्याच संध्याकाळी पुसदहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. नाव नागोराव. जुन्या गाड्या घेतो म्हणाला. आवाज नम्र होता. "तुमची अँबॅसेडर द्यायची आहे असं कळलं. राजकुमार मिस्त्री बोलले. खालचा पिकअप नाही म्हणाले, त्याची मले फिकीर नाही, मी इंजिनच बदलणार."

"गाडी द्यायची नाही," ममता म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिने वही काढली आणि खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं. या वेळी सगळं एका रेषेत येत होतं. मिस्त्री गाडी सुधारल्याचं दाखवतो, मागून बिघडवतो, दुसरी चावी दाबून ठेवतो. बाई कंटाळून गाडी विकते. गिऱ्हाईक त्याचंच.

वाईट याचं वाटत होतं की हे सगळं बसत होतं. इंद्रजितच्या पाठोपाठ राखी तिने या माणसाला बांधली होती, दर वर्षी, तीस वर्षं.

बुधवारी ती स्वतः गाडी घेऊन गॅरेजला गेली. चढ टाळून, मागच्या कच्च्या रस्त्याने. प्लास्टिकची खुर्ची गाडीच्या नाकासमोर ओढली आणि बसली.

"करा काम. मी इथेच आहे."

राजकुमार हसला, पण डोळे खालीच. "परीक्षा हाय वाटते आज. कॉपी नाही करू देणार."

"कॉपी करणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढते."

"मले मायीत हाय. माह्या पुतण्याले काढलं होतं तुमी."

त्याने बॉनेट उघडलं, वाकला आणि क्षणभर स्थिर झाला. ममता त्याची नजर बघत होती. ती कार्बोरेटरवरून सरकली, डिस्ट्रिब्युटरवर आली, तुटलेल्या रेघेवर थांबली. त्याला दिसलं होतं. नक्की दिसलं होतं. ज्याला दिसतं आणि जो निर्दोष असतो तो म्हणतो, ताई, हे कुणी हलवलं?

राजकुमारने डिस्ट्रिब्युटरकडे पाठ केली आणि कार्बोरेटरची टोपी उघडायला लागला.

"टायमिंग बघा की आधी," ममता म्हणाली.

"ते राहू द्या ताई."

"का?"

"तेले नको हात लावाले. बाकी करतो न मी. इथं आतलं तेल पातळ झालं, जरा जाड टाकतो. पाय दिला का पेट्रोल जरा जास्त खेचन, दम येईन खालून."

"ठिणगी दहा अंश मागे आहे, राजूभाऊ. तेल बदलून ती पुढे येत नाही."

"दहा?" तो वळला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी खरं दिसलं, आणि ते भय होतं असं तिला वाटलं. "इतकी मागं नेली?"

"कुणी नेली?"

त्याने कापडाला हात पुसले. प्रत्येक बोट वेगळं. "कोणी नाही. आपोआप सरकते कधी कधी."

एवढं बोलून तो जाड तेल आणायला आत गेला, आणि आतच बराच वेळ राहिला. त्या दिवशी त्याने तेल बदललं, फटी पुन्हा पाहिल्या, एक चिरलेली रबरी नळी काढून नवी घातली. नटाला पाना लावला नाही. ममताने मोजलं. नऊ पूर्णांक सहा. डिस्ट्रिब्युटरला हात न लावता त्याने सव्वा सेकंद मिळवला होता. असा मिस्त्री यवतमाळात दुसरा नव्हता, आणि हे तिला त्या क्षणी अजिबात आवडलं नाही.

घरी येऊन तिने जुनी रेघ पुसली, नवी ओढली आणि शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कुणाला सांगितलं नाही.

शुक्रवारी साडेअकराला ती स्कूटीवरून घरी आली तेव्हा शेडचं दार उघडं होतं आणि आत गाडी नव्हती. जमिनीवर तेलाचा एक थेंब, ओला.

"आई!"

कौसल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. "तू आज लवकर काहून?"

"गाडी कुणी नेली?"

"गेली असन गॅरेजले."

"स्वतः गेली? राजकुमारने नेली ना? दुसऱ्या चावीने?"

आई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. ते मौन ममताने हो असं वाचलं आणि तशीच स्कूटी वळवली. बाबा कुठे आहेत, हे तिने विचारलं नाही. त्या वेळी ते पेपर घेऊन बुद्धविहाराच्या ओट्यावर बसलेले असतात, रोज असतात, हे तिने गृहीत धरलं.

चढावर एप्रिलचं ऊन डांबरावरून वर उसळत होतं. गॅरेजसमोर अँबॅसेडर उभी होती, बॉनेट उघडं, इंजिन चालू. राजकुमार वाकलेला, एक हात डिस्ट्रिब्युटरच्या वर, न टेकवता. डॅशबोर्डच्या कुलपात चावी. तिच्या चावीसारखीच, फक्त हिला लाल दोरा.

ममताने स्कूटी स्टँडवर लावली, डाव्या खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि चावी काढून घेतली.

"सापडली वाटतं दुसरी."

"ताई..."

"मला ताई म्हणू नका. दोन महिने मी मूर्खासारखी सेकंद मोजतेय. आठ आणता, अकरा करता. का? त्या पुसदवाल्यासाठी? मागितली असतीत तर मी विचार केला असता. चोरून का? ज्या माणसाने तुमच्या हातात पहिला पाना दिला त्याच्याच गाडीत?"

शेजारच्या पंक्चरवाल्याने मान वर केली. राजकुमार सरळ उभा राहिला. तिला वाटलं तो चिडेल, शपथा घेईल. त्याने दोन्ही हात मागे बांधले आणि मान खाली घातली.

"बोला ना काहीतरी!"

"तुमी म्हणता तसंच समजा," तो म्हणाला.

"काहून तसंच समजा?" आवाज गॅरेजच्या आतून आला. "काहून बे, राज्या? तू काय केलं?"

पंजाबराव आतल्या बाकावरून उठून उजेडात येत होते. हातात पाण्याचा ग्लास, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, गाडीवर जाताना घालायचे तो. खिशाला चष्मा. ते आले, राजकुमारच्या आणि तिच्या मधे उभे राहिले.

"त्याले नको बोलू ममे. ते सारं म्या केलं."

ममताला क्षणभर वाक्याचा अर्थच लागला नाही.

"टायमिंग म्या मागं घेतलं. चाबी त्यानं मलेच देल्ली होती, मागच्या सालीच. काडीभर मागं घेतलं. मंग पुन्हा काडीभर. आगपेटीची काडी लावतो न मी, माह्यं माप तेच हाय, तुह्यं ते पितळी येंतर नाही."

"पण का, बाबा?"

त्यांनी ग्लास मडगार्डवर ठेवला. "या पोट्ट्यानं गाडी अशी केली का पाय टेकवला तं कुदते. पह्यल्या दिवशी म्या काढली, चौकात एक बाई सायकल घेऊन आडवी आली. म्या पाय हलका ठेवला होता. हलकाच ठेवला होता मी. अन् गाडी गेली न समोर! बाईनं सायकल टाकून उडी मारली म्हणून..." त्यांनी चष्मा खिशात नीट खोचला. "पह्यले अशी नव्हती. पह्यले पाय चुकला तरी ते वेळ द्यायची. आता वेळ देत नाही. म्हणून मऊ केली."

तिने राजकुमारकडे पाहिलं. त्याने अजून मान वर केली नव्हती.

"तुम्हाला माहीत होतं."

"दुसऱ्या खेपेले समजलं," तो हळूच म्हणाला. "नटावरचा आवळ पाहून. उस्ताद डावीकडून आवळते, अर्धा फेरा जास्त. टायमिंग जागेवर आणून झालं, मंग विचारलं तं म्हणे, ममीले नको सांगू. अन् ताई, उस्तादाचा हात लागलेल्या जागी आपण पाना नाही लावत. आमच्यात नाही चालत ते. त्यायनं जसं ठेवलं तसं ठेवाव लागते. म्हणून मी आजूबाजूनं करत होतो."

"आणि पुसदचा नागोराव?"

"म्हटलं गाडीच गेली तं..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. "मले तोंड उघडता येत नव्हतं. दुसरं सुचलं नाही. घरी आलतो तेही यायले समजावाले. हवा पाहाले नाही."

"मले समजावते!" पंजाबराव हसले, राजकुमारच्या पाठीवर थाप मारली. "नाक पुसाले शिकवलं म्या याले. आता पाह्य ममे, आता बरोबर झाली. आज घरून इथवर आलो, कुदली नाही. चढावरही हळूहळू आली, बंद नाही पडली. पाय मऊ ठेवला का येते ते. तुह्या पायाले घाई हाय, म्हणून तुह्याजवळ बंद पडते."

हे खरं होतं, आणि तिला लागलं. पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती.

त्यांच्या डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी होता. दुसरी चप्पल गाडीत होती. उघड्या दारातून दिसत होती, ब्रेकच्या पेडलखाली आडवी अडकलेली. गॅरेजसमोरची जमीन तापलेली, तेलाने काळी, लोखंडाच्या किसाने भरलेली. पंजाबराव त्या जमिनीवर दोन मिनिटं उभे होते, एका पायावरून दुसऱ्यावर भार न टाकता, एकदाही पाऊल न उचलता, आणि बोलत होते.

राजकुमारनेही तेव्हाच पाहिलं. त्याच्या तोंडून "उस्ताद" एवढंच निघालं. तो धावत आत गेला, पोतं आणलं, खाली बसला आणि त्यांचा घोटा धरून पाय उचलला. तळव्याला एक वॉशर चिकटून आला होता. राजकुमारने तो नखाने सोडवला. खाली त्याचा गोल, पांढरा ठसा आणि भोवती लाल कडा. त्याने पाय पोत्यावर ठेवला.

"काय झालं?" पंजाबराव म्हणाले. त्यांनी खाली पाहिलं, मग गाडीत पाहिलं, मग त्यांना दिसलं. चेहरा क्षणभर कावराबावरा झाला, एखाद्या मुलाचा होतो तसा, आणि लगेच त्यांनी तो आवरला. "निसटली असन उतरताना. नवी हाय, सैल हाय जरा."

पंक्चरवाल्याने मान फिरवून घेतली.

चप्पल पेडलखाली होती. ब्रेक पुरा दाबला गेला नसता. घरापासून इथवर दोन किलोमीटर, एक चौक, एक शाळा, एक चढ. ममताच्या डोक्यात आकडे आपोआप मांडले जात होते, वीसचा वेग, थांबायला लागणारं अंतर, आणि ते तिने मधेच सोडून दिले. दोन महिने ती या माणसाच्या पायाऐवजी सगळं मोजत आली होती. राजकुमारच्या चोरीचे पुरावे वहीच्या सहा पानांवर होते. पायाबद्दल एक ओळ नव्हती.

"राजूभाऊ," ती म्हणाली. "मी जे बोलले..."

"ते जाऊ द्या ताई." तो अजून पोत्यापाशीच बसलेला होता. मग त्याने वर पाहिलं, तिच्याकडे, आणि नजर काढली नाही. तीस वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. आता मागत होता, की उस्तादांना तिनेच थांबवावं.

पंजाबरावांनी एका हाताने गाडीच्या दाराचा आधार घेतला, वाकून चप्पल ओढून काढली आणि पायात सारली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बसली. मग ते सरळ झाले, सदऱ्याची घडी नीट केली आणि हात पुढे केला.

"आन चाबी. ऊन आणखी वाढाच्या आत घरी जातो. तुह्यी आई वाट पाहात असन."

चावी तिच्या मुठीत होती. दात तळव्यात रुतले होते आणि ते तिला जाणवत होतं. बाजूला बसा म्हणावं, असं तिच्या मनात आलं. मी चालवते म्हणावं. ती अट, ते सेकंद, राळेगावचे रविवार, दोन महिने जपून ठेवलेली सगळी मऊ वाक्यं ओठांपर्यंत आली. त्यांतल्या एकाही वाक्यात ते नव्हतं जे सांगायचं होतं.

"ममे," पंजाबराव म्हणाले. हात तसाच पुढे. "चाबी."

"नाही बाबा," ती म्हणाली. "तुमच्या पायाला कळत नाही. डॉक्टरांनी मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं आणि मी तुमच्यापासून लपवलं. तुम्ही आता गाडी चालवायची नाही. ही नाही आणि दुसरीही नाही. कधीच नाही."